भावंड गेल्यावर: पहिल्या दिवसापासून वर्षश्राद्धापर्यंत काय करायचं, कोणत्या क्रमाने

भाऊ किंवा बहीण गेली की समाचाराला येणारा प्रत्येक जण चपला काढता काढता तुम्हाला विचारतो, "आई कशा आहेत?" मग वहिनींची चौकशी होते, मुलांची होते. तुमची सहसा होत नाही, कारण तुमच्या एका हातात फोन असतो आणि दुसऱ्या हातात आधार कार्डाच्या झेरॉक्स. आपल्याकडे घरात मयत झालं की मागे राहिलेलं भावंड आपोआप कार्यकर्ता होतं. भटजी ठरवणं, मांडव, चहा, दाखला, बँक, सगळं त्याच्याकडे.

घोळ इथेच होतो. "आधी सगळ्यांना सावरतो, मग माझं बघू" असं म्हणून स्वतःचं दुःख शेवटी ठेवलं जातं. ते सात-आठ महिन्यांनी वर येतं आणि भलतंच रूप घेऊन येतं: ऑफिसात क्षुल्लक कारणावरून भांडण, रात्री तीनला छातीत धडधड, किंवा वहिनीशी पैशांवरून अबोला. म्हणून खालच्या क्रमात तुमचा वाटा पहिल्या दिवसापासून धरला आहे. विधींचे उल्लेख हिंदू घरांतले आहेत. तुमच्याकडे पुण्यानुमोदन, चाळिसावा किंवा मिस्सा असेल तर दिवस बदला, बाकी क्रम तोच ठेवा.

तयारी: एक वही, दोन माणसं, अर्धा तास

वही साधी, दोनशे पानी घ्या. पुढून कामं लिहायची: कोणाला फोन केला, कोणाला किती पैसे दिले, कोणता कागद कुठे दिला. मागून फक्त तुमचं. तिथे काय लिहायचं ते पुढे येईल. मोबाइलवर नोंदी ठेवू नका. त्या दिवसांत फोन दहा जणांच्या हातात फिरतो.

माणसं दोन हवीत आणि ती वेगवेगळी हवीत. एक कामाचं: चुलतभाऊ, मेहुणा, शेजारी, ज्याला "हे तू कर" असं सांगून विसरता येईल. दुसरं ऐकणारं, ज्याच्यासमोर तुम्हाला धीराचं तोंड करून बसावं लागत नाही. हे माणूस शक्यतो घराबाहेरचं असावं, कारण घरातला प्रत्येक जण स्वतःच बुडालेला असतो. नवरा किंवा बायको दोन्ही कामं करील असं गृहीत धरू नका. त्या व्यक्तीवर सासर-माहेरचा ताण वेगळाच असतो.

अर्धा तास रोजचा. गच्चीवर, नदीवर, गाडीत बसून, कुठेही. या अर्ध्या तासात फोन कामाच्या माणसाकडे राहील.

*तपासा:* दोन्ही माणसांना तुम्ही स्पष्ट शब्दांत सांगितलं आहे का? "तो करेलच" या भरवशावर राहिलात तर तो तुमच्या हुकमाची वाट बघत बसतो.

टप्पा 1: पहिले तीन दिवस

1. बातमीचे फोन वाटून द्या. "काय झालं? कसं झालं?" हे तीस वेळा सांगितलं की तिसाव्या वेळी तुमचाच आवाज बातमी वाचल्यासारखा येतो, आणि नंतर त्याचीच टोचणी लागते. दोन ओळींचा निरोप लिहून कामाच्या माणसाला द्या. तो पाठवील.

2. शेवटचं बघायचं की नाही, हे तुमचं तुम्ही ठरवा. अपघात असेल तर लोक परस्पर ठरवतात: "तू नको बघूस." न बघितल्यामुळे पुढे महिनोन् महिने मन वेगवेगळी चित्रं रंगवत राहतं. मध्यम मार्ग असतो. आधी कोणी पाहिलं असेल त्याला विचारा, मग फक्त हात किंवा पाय बघायला मागा. बहिणीला स्मशानात यायचं असेल तर तिला घाटावर किंवा दारातच अडवायचं काही कारण नाही. परदेशातून वेळेत पोहोचता येत नसेल तर व्हिडिओवर अंत्यविधी बघताना एकटं बसू नका, आणि जमलं तर दहाव्याला या. समोर माणसं रडताना दिसली, त्यांच्या गळ्यात पडता आलं, की घडलेलं खरं वाटू लागतं.

3. वहिनीचं कुंकू-बांगड्या हा विषय भावंडांनी आधीच मिटवा. भाऊ गेला असेल तर हे तुमचं काम आहे, कारण त्या क्षणी वहिनीला बोलता येत नाही आणि आई-वडिलांना सुचत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनीही तो कित्ता गिरवावा असं परिपत्रक काढलं. भावकीतल्या ज्येष्ठ बाईला बाजूला घेऊन एवढंच सांगा: "आमच्या घरात हे करायचं नाही, मी सांगतोय." सगळ्यांसमोर वाद घालू नका.

4. अपघात, आत्महत्या किंवा संशयास्पद मृत्यू असेल तर पोलिस ठाण्याचं नाव, अकस्मात मृत्यूचा नोंद क्रमांक आणि तपास अधिकाऱ्याचं नाव वहीत लिहा. पंचनामा आणि शवविच्छेदन अहवालाच्या प्रती पुढे विम्याला लागतात. दवाखान्याने परत दिलेलं घड्याळ, अंगठी, पाकीट यांची यादी करून त्यावर दोघांच्या सह्या घ्या. घरातली निम्मी भांडणं "गळ्यातली चेन कुठे गेली" इथून सुरू होतात.

*सावध:* या तीन दिवसांत दवाखाना आणि पोलिस सोडून कुठल्याही कागदावर सही करू नका.

टप्पा 2: तेराव्यापर्यंत

सुतकाच्या हिशोबात लग्न झालेल्या बहिणीचे दिवस कमी धरतात. म्हणून सासरचे तिसऱ्या-चौथ्या दिवशी न्यायला येतात आणि ती जातेही. सुतकाचे दिवस भटजींनी मोजावेत, पण माहेरी किती राहायचं हे त्यावर ठरवू नका. तेराव्यापर्यंत राहायचं असेल तर पहिल्याच दिवशी सासरी तसं सांगून टाका. मागाहून सांगितलं की रुसवे होतात.

खासगी नोकरीत अशा वेळी रजा मिळालीच पाहिजे असा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही. काही कंपन्यांच्या नियमांत आई-वडील, जोडीदार, मुलं एवढीच नावं असतात, भावंड नसतं. तेव्हा "बघतो, येतो दोन दिवसांत" असं तोंडी न सांगता लेखी दहा-बारा दिवसांची रजा मागा. परतल्यावर पहिला आठवडा हलकं काम मिळालं तर तेही मागून घ्या.

समाचाराच्या वेळा ठरवा. सकाळी दहा ते बारा, संध्याकाळी पाच ते सात, आणि तसं दारावर लावा. लोकांना वाईट वाटत नाही, उलट बरं पडतं. येणाऱ्यांची काही वाक्यं ठरलेली असतात आणि ती तुमच्यावरच येऊन पडतात: "आता तूच त्यांचा आधार." "तू खचलास तर आईने कोणाकडे बघायचं?" "रडू नकोस, त्याच्या आत्म्याला त्रास होतो." यांना उत्तर द्यायची गरज नाही, पण एक वाक्य तयार ठेवा: "हो, मलाही जड जातंय." एवढ्याने समोरचा सहसा गप्प होतो आणि तुमच्या शेजारी नुसता बसतो. ते बरं असतं.

दहाव्याचा कावळा

हा भाग जरा सविस्तर सांगतो, कारण फार माणसं इथे अडकलेली दिसतात. घाटावर पिंड ठेवलेला असतो, ऊन चढलेलं, कावळा झाडावर बसून खाली यायला तयार नाही. वीस मिनिटं जातात. मग कुजबुज सुरू होते: "काहीतरी इच्छा राहिली असणार." सगळ्यांचे डोळे भावाकडे वळतात. कोणीतरी मागून ढकलतं: "म्हण, तुझ्या पोरांचं शिक्षण मी करीन. म्हण, आईला अंतर देणार नाही." आणि तुम्ही दोन्ही हात जोडून, सगळ्या भावकीसमोर, जे सुचेल ते कबूल करता. योगायोगाने कावळा तेव्हाच उतरला की तो शब्द कायमचा मानगुटीवर बसतो.

म्हणून आदल्या रात्री ठरवा की बोलायची वेळ आली तर काय बोलायचं. जे खरंच करणार आहात तेवढंच. "मुलांवर लक्ष ठेवीन" हे पाळता येतं. "सगळं मी करीन" हे पाळता येत नाही, आणि दोन वर्षांनी वहिनी आणि तुमची बायको यांच्यामध्ये तेच वाक्य उभं राहतं. कावळा आलाच नाही तर दर्भाचा कावळा करून पिंडाला लावायची सोय शास्त्रातच आहे. भटजींना ती माहीत असते, त्यांना आधीच सांगून ठेवा: "अर्धा तास थांबू, मग दर्भाचा करा." कावळा उतरतो की नाही हे त्या भागात कावळे आहेत का आणि त्या दिवशी घाटावर किती पिंड मांडले आहेत, यावर ठरतं. तुमच्या भावाच्या मनात शेवटी काय होतं हे कावळ्याला ठाऊक नसतं.

मुलांशी सरळ बोला. "काका झोपलाय", "बाबा गावाला गेलाय" असं सांगितलेली मुलं झोपायला घाबरतात, नाहीतर महिनाभर दाराकडे बघतात. "तो मेला. त्याचं शरीर बंद पडलं. तो परत येणार नाही. तुझ्यामुळे हे झालेलं नाही," ही चार वाक्यं पाच वर्षांच्या पोरालाही कळतात. चौथं वाक्य गाळू नका. मुलं कारण स्वतःकडे घेतात, खास करून गेलेलं माणूस त्यांचंच भावंड असेल तर.

*तपासा:* तेराव्याच्या आत तुम्ही एकदा तरी रडला आहात का, किंवा ऐकणाऱ्या माणसाजवळ अर्धा तास मोकळे झाला आहात का? दोन्ही नसेल तर तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी त्या माणसाला भेटायचं नक्की करा.

टप्पा 3: कागद, पहिले तीन महिने

मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथे होते, राहत्या गावी नाही. माणूस कराड तालुक्यातला आणि पुण्यात दवाखान्यात गेला, तर नोंद पुण्याला. 21 दिवसांच्या आत करायची. दवाखान्यात मृत्यू झाला तर कळवण्याचं काम दवाखान्याचं असतं, घरी झाला तर घरच्यांचं. 21 दिवस उलटले की विलंब शुल्क, 30 दिवसांनंतर लेखी परवानगी, आणि वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाची खटपट. दाखल्यावर नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव आणि आडनाव आधार कार्डाप्रमाणेच आहे ना, हे खिडकीवरच वाचून घ्या. दहा प्रती घ्या. दोन-तीन पुरत नाहीत.

मग हा क्रम:

1. पासबुक भरून आणा आणि मे-जूनच्या नोंदी बघा. 436 रुपये कापले गेले असतील तर प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा आहे, 20 रुपये असतील तर सुरक्षा विमा. दोन्ही दोन-दोन लाखांचे, दुसरा फक्त अपघाताचा. बऱ्याच घरांत हे माहीतच नसतं, कारण खातं उघडताना कारकुनाने सही घेतलेली असते. दाव्याला फार उशीर करू नका, महिन्याभरात अर्ज गेलेला बरा.

2. नोकरी असेल तर भविष्य निर्वाह निधीच्या जोडीला त्याच कार्यालयाचा ठेव-संलग्न विमाही मिळतो, कमाल सात लाखांपर्यंत. कंपनीच्या माणसाला निधी, पेन्शन आणि विमा अशा तिन्ही दाव्यांचं एकदमच विचारा.

3. शेती असेल तर वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे तीन महिन्यांच्या आत द्या. अपघाती मृत्यू असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेची चौकशी तालुका कृषी कार्यालयात करा.

4. सिम कार्ड बंद करू नका. सगळे ओटीपी त्यावर येतात. वर्षभर रिचार्ज चालू ठेवा.

भावंडांना हमखास न कळणारी गोष्ट नॉमिनीची आहे. भावाने नोकरी लागली तेव्हा, लग्नाआधी, बँकेत तुमचं नाव लावलेलं असतं आणि ते बदलायचं राहून जातं. बँक पैसे तुमच्या हातात देते. ते तुमचे होत नाहीत, तुम्ही ते वारसांपर्यंत पोहोचवायचे असतात. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर पहिला हक्क बायको, मुलं आणि आईचा. ही कोणीच नसतील तर वडील, आणि त्यानंतर भावंडं. बहीण मूलबाळ नसताना गेली असेल तर तिला आई-वडिलांकडून वारशाने मिळालेली मालमत्ता वडिलांच्या वारसांकडे परत येते. तिच्या कमाईच्या पैशाचे नियम वेगळे आहेत, त्यासाठी वकिलाला एकदा गाठाच.

*सावध:* दोन गोष्टी टाळा. एक, गेलेल्या माणसाचं एटीएम कार्ड वापरून पैसे काढणं. पिन माहीत असला तरी नाही, आणि दहाव्याचा खर्च भागवायला तर मुळीच नाही. दोन, हक्कसोडपत्र, म्हणजे मालमत्तेतला आपला हिस्सा सोडल्याचा कागद. "आता वहिनीच्या नावावर करून टाकू, तुझी फक्त सही हवी," असं म्हणत तेराव्याच्या जेवणानंतर कागद पुढे येतो. बहिणीकडे तर येतोच. द्यायचं असेल तर जरूर द्या, पण वर्षश्राद्धानंतर. नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र नुसतं मन बदललं म्हणून मागे घेता येत नाही.

टप्पा 4: आई-वडील

मूल गेलेल्या आईसमोर आपलं दुःख काढायचं नाही, असा अलिखित नियम आपण पाळतो. आई तुमच्यासमोर रडत नाही, तुम्ही आईसमोर रडत नाही, आणि दोघं एकमेकांना "जेवलीस का", "जेवलास का" विचारत राहता. आठवड्यातून एकदा गेलेल्याचं नाव मुद्दाम घ्या. "आज दादाला आवडायचं ते पिठलं केलंय." आई रडेल. तिला तुम्ही रडवलं नाही, ती आधीच रडत होती.

तिघा भावंडांतलं एक गेलं आणि दोघं उरली, तर कामाची वाटणी लेखी करा: औषधं कोणाकडे, दवाखाना कोणाकडे, रोजचा फोन कोणाकडे. नाहीतर जवळ राहणाऱ्याच्या अंगावर सगळं पडतं आणि पुण्या-मुंबईचा किंवा परदेशातला फक्त सूचना करतो.

लग्नाचं वय असलेलं भावंड मागे असेल तर "वर्षाच्या आत उरकून टाकू, नाहीतर तीन वर्षं थांबावं लागेल" ही घाई सुरू होते. काही समाजांत धाकट्या दिराने वहिनीशी लग्न करावं असा आग्रहही होतो. दोन्हींना तोंडावर नाही म्हणणं जड जात असेल तर तारीख द्या: "वर्षश्राद्ध झाल्यावर बोलू." या काळात दिलेला होकार पुढे दोन आयुष्यांना पुरतो.

टप्पा 5: वस्तू आणि फोन

कपाट तेराव्यानंतर लगेच आवरायला घेऊ नका, आणि वर्षभर कुलूपबंदही ठेवू नका. तीन-चार महिने हा बहुतेकांना झेपणारा काळ. आत जाताना दोघं असा. तीन ढीग करा: ठेवायचं, द्यायचं, आत्ता ठरत नाही. तिसरा ढीग सगळ्यांत मोठा होतो, होऊ द्या. तो एका पेटीत बांधून वर टाका. प्रत्येक शर्टाचा खिसा बघा. खिशातून औषधाची चिठ्ठी निघते, उधारीचा हिशोब निघतो, एखाद्या एसटीचं तिकीट निघतं ज्यावर शाई उरलेली नसते. हिशोबाची चिठ्ठी वहीत डकवा, कोणाचे तरी पैसे द्यायचे असतील.

वाटप करताना आधी आई, मग जोडीदार आणि मुलं, मग भावंडं. तुम्हाला काय हवं आहे ते मोठ्याने सांगा. घड्याळ, क्रिकेटची बॅट, तिची शिवणाची कात्री. मनात ठेवलंत आणि ती वस्तू दुसऱ्याकडे गेली तर ते वर्षानुवर्षं सलतं.

फोनचं काम मात्र लवकर करा. व्हॉट्सॲप खातं 120 दिवस वापरलं नाही तर काढून टाकलं जातं, आणि गुगलही दोन वर्षं न वापरलेलं खातं पुसू शकतं. तुमच्या स्वतःच्या फोनवरचं त्याच्याशी झालेलं बोलणं, विशेषतः आवाजाचे निरोप, बाहेर काढून दुसऱ्या जागी साठवा. फोटो आठवतात, आवाज विसरायला होतो. त्याच्या फोनमधलं खासगी बोलणं वाचत बसू नका. बँक, विमा आणि उधारी यांच्यापुरतं बघा आणि फोन वहिनीच्या किंवा मुलांच्या हाती द्या.

टप्पा 6: वहीची मागची पानं

नकार, राग, सौदा, नैराश्य, स्वीकार या पाच पायऱ्या सगळ्यांना पाठ असतात, आणि "मला अजून राग आलाच नाही" म्हणून माणसं काळजीत पडतात. एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी 1969 मध्ये त्या मांडल्या त्या मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांनी एकेक पायरी चढायची अशी काही परीक्षा नसते. एका दिवसात सकाळी हसू येतं, दुपारी काम होतं, संध्याकाळी भाजी निवडताना कोसळायला होतं. अशी ये-जा चालू असणं हेच ठीक चाललं असल्याचं लक्षण आहे. नुसतं दुःखातच बसणं किंवा नुसत्या कामातच गुंतणं, यातलं एकच टोक कित्येक आठवडे टिकलं तर मात्र लक्ष द्या.

लिहायचं काय? तीन गोष्टी, त्याच क्रमाने.

आधी घडलं ते. शेवटच्या आठवड्यात काय काय झालं, वारासकट. "मी त्या दिवशी फोन उचलला असता तर" हा विचार डोक्यात गोल गोल फिरतो, कागदावर उतरला की त्याला सुरुवात आणि शेवट मिळतो. शेजारी लिहा: त्या वेळी मला काय माहीत होतं? आज माहीत आहे ते नव्हे, त्या वेळी.

मग न झालेलं भांडण. भावंडांचं नातं निव्वळ गोड नसतं. वाटणीवरून बोलणं बंद होतं, तिने लग्नात अपमान केला होता, त्याने घेतलेले पैसे परत दिले नव्हते. माणूस गेला की हे सगळं बोलायची चोरी होते. पत्र लिहा, शिव्या आल्या तरी लिहा. फाडायचं की ठेवायचं ते नंतर बघता येईल. दीर्घ आजारपणानंतर सुटल्यासारखं वाटलं असेल तर तेही इथेच लिहा. व्यसनी भावाच्या घरात ते जवळजवळ सगळ्यांना वाटतं आणि कोणीच बोलत नाही.

शेवटी "भावंडं किती?"चं उत्तर. हा प्रश्न बेसावध असताना येतो: नवे शेजारी, मुलाच्या शाळेतली बाई, लग्नाच्या बायोडाटाचा फॉर्म. "एक" म्हटलं तर नाकारल्यासारखं होतं, "दोन" म्हटलं तर पुढचे प्रश्न येतात. दोन उत्तरं तयार करा. प्रवासातल्या माणसासाठी छोटं, संबंध राहणार असेल तिथे खरं: "आम्ही तिघं. मधली बहीण गेली." बायोडाटात "एक भाऊ (दिवंगत)" लिहायला हरकत नाही. मध्यस्थ काढून टाका म्हणतील, ऐकायची सक्ती नाही.

आत्महत्या असेल तर आणखी एक वाक्य तयार ठेवा, कारण लोक "का?" विचारतातच. "आम्हालाही पूर्ण कळलेलं नाही, आणि आज त्यावर बोलायचं नाही." हार्ट अटॅक सांगून झाकलेलं कारण मुलांना पुढे बाहेरून कळतं, आणि मग तुमच्यावरचा विश्वास जातो. घरात तरी खरं बोला.

*तपासा:* मागची पानं कोणी वाचेल या भीतीने तुम्ही गोड लिहिताय का? तसं असेल तर वही ऐकणाऱ्या माणसाच्या घरी ठेवा.

टप्पा 7: वर्षातले अवघड दिवस

कॅलेंडर घ्या आणि आधीच खुणा करा: राखीपौर्णिमा, भाऊबीज, वाढदिवस, पितृपक्षातली तिथी, आणि गेल्याची तारीख. तिथी आणि तारीख वेगवेगळ्या दिवशी येतात. घर तिथी पाळतं, तुमचं शरीर मात्र बहुधा तारीख पाळतं. म्हणून दोन्ही दिवशी काही जड काम ठेवू नका.

राखी आणि भाऊबीजेला पहिल्या वर्षी नातेवाईक धावून येतात: "मी आहे ना तुझा भाऊ." हेतू चांगलाच असतो. तयार नसाल तर "पुढच्या वर्षी नक्की" म्हणा. भाऊ असताना ज्या चुलतभावाला ओवाळत होतात त्याला ओवाळणं थांबवायचं कारण नाही. रिकामा पाट नव्या माणसाने लगेच भरायचा अट्टहास तेवढा नको. आदल्या दिवशीच ठरवा की त्या संध्याकाळी कुठे असायचं. काहीच न ठरवता घरात बसलात तर दिवसभर फोनवर दुसऱ्यांचे ओवाळतानाचे फोटो बघत राहाल.

घरात लहान मुलं असतील तर दुखवट्याच्या वर्षातही दिवाळीला त्यांच्यापुरता कंदील लावा. आकाशकंदील न लावण्यावर मोठ्यांचा हट्ट असेल तर घराच्या आत लावा. हा मधला मार्ग बहुतेक आज्ज्यांना चालतो.

टप्पा 8: तब्येत आणि डॉक्टर

"त्याला झालं ते मला होईल का?" हा प्रश्न प्रत्येक भावंडाच्या मनात येतो आणि तो रास्त आहे. तरुण वयात अचानक हृदय बंद पडून मृत्यू झाला असेल तर सख्ख्या भावंडांनी ईसीजी आणि इको करून घ्यावा, कारण हृदयाच्या स्नायूचे काही आजार घराण्यात येतात. स्तनाचा, बीजांडकोशाचा किंवा मोठ्या आतड्याचा कर्करोग कमी वयात झाला असेल तर कर्करोगतज्ज्ञाला कुटुंबाचा इतिहास सांगा. जाताना मृत्यूच्या कारणाचं वैद्यकीय प्रमाणपत्र आणि शवविच्छेदन अहवाल असेल तर तो न्या. इंटरनेटवर लक्षणं शोधून रात्र काढू नका, एकदा तपासणी करून विषय संपवा.

झोपेची गोळी शेजाऱ्याच्या डब्यातली घेऊ नका. "झोप यावी म्हणून" सुरू केलेला पेग या दिवसांत फार लवकर रोजचा होतो.

मानसिक मदत लगेच कधी घ्यायची? स्वतःला संपवण्याचे विचार, "मीही त्याच्याकडे जावं" असं सतत वाटणं, दिवसेंदिवस न खाणं-पिणं, किंवा दारू वाढणं, यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालतो, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. हे काही नसेल पण सहा महिने उलटूनही तीव्र ओढ आणि वेदना जवळजवळ रोज तशीच असेल, कामधंदा आणि नाती सांभाळता येत नसतील, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. लांबलेल्या शोकाला जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत स्वतंत्र जागा आहे आणि त्यावर उपचार आहेत. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते.

जाताना कागदावर लिहून न्या: मृत्यूची तारीख, कारण, तुम्ही किती तास झोपता, वजन किती उतरलं, कोणती औषधं चालू आहेत, दारू-तंबाखू किती. सोबत ऐकणाऱ्या माणसाला न्या, आई-वडिलांना नको. त्यांच्यासमोर तुम्ही पुन्हा "मी ठीक आहे" म्हणाल. आणि पहिल्या समुपदेशकाशी जमलं नाही तर उपचारच सोडू नका, दुसरा बघा. दोन-तीन भेटींत अंदाज येतो.